पुढचा पाय टेकतो तेव्हा

न्यू जर्सीत मुलांचा बेसबॉलचा सामना असला की बाहेर बसलेल्या एखाद्या पालकाच्या हातात रडार गन असतेच. वेगाचा आकडा मोठ्याने वाचला जातो, तो मुलाच्या कानावर पडतो आणि पुढचा बॉल तो खांद्याच्या जोरावर फेकतो. माझा बारा वर्षांचा मुलगाही दात आवळून सगळी ताकद दंडात आणायचा. बॉल मात्र प्लेटच्या बाहेर!

मी नाशिकला मध्यमगती गोलंदाजी करायचो. आमच्या वेगाची सुरुवात रन-अपमध्येच व्हायची. पिचरला, म्हणजे इथल्या गोलंदाजाला, धावायला जागाच नाही, मागचा पाय रबरच्या पट्टीला टेकलेला. मग वेग येतो कुठून? मुलाच्या कोचनी फोनवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला आणि पुढचा पाय जमिनीला टेकतो तिथे थांबवला. "आता खांदे बघा." कंबर आणि खांदे, दोन्ही एकदमच समोर बॉल झेलणाऱ्या कॅचरकडे वळलेले होते. खरं तर त्या क्षणी कंबर वळू लागलेली हवी आणि खांदे अजून मागेच. धडाला असा पीळ बसला की तो सुटताना खांदा, कोपर, मनगट एकामागून एक वेग घेतात. जोंधळ्याच्या रानात पाखरं हाकताना गोफणीतला धोंडा सर्वांत शेवटी सुटतो, तसा बॉल. मुलाला पीळ बसतच नव्हता, त्यामुळे पायांचं आणि कमरेचं काम कोपर करत होतं.

आणि या वयातलं कोपर म्हणजे आतल्या बाजूला अजून कूर्चा असलेलं, वाढतं हाड. तिथल्या दुखण्याला इथे 'लिटल लीग एल्बो' म्हणतात. मला खरी काळजी त्याची होती, वेगाची नव्हे.

ड्राइव्हवेवर मागच्या पायापासून सरळ समोर खडूची रेघ ओढली. तो उजव्या हाताने फेकतो, आणि पुढचा पाय दर वेळी रेघेच्या डावीकडे पडत होता. पाय तिकडे पडला की कंबर आधीच उघडते, खांदेही सोबत जातात. रेघेवर पाय पडू लागला तसा बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये वेगळाच वाजू लागला. दंडाला काही सांगावं लागलं नाही.

'पिच स्मार्ट' या लहान पिचरांसाठीच्या नियमावलीत अकरा-बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त 85 बॉल, आणि 66 किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती. मोजणी मी करतो, पण डोळे कोपरावर ठेवतो. मुलगा थकला की ते खाली येतं, धडही ताठ राहू लागतं. परवा मर्यादा यायच्या आधीच ते दिसलं. मी कोचना खूण केली.

"बाबा, एकच इनिंग!"

"नाही रे राजा."

"मग कॅचर तरी होऊ दे."

त्यालाही नाही म्हटलं, कारण कॅचरला जवळजवळ प्रत्येक बॉल परत फेकावाच लागतो. कोचनी त्याला पहिल्या बेसवर उभं केलं.