टाइल आणि ऊन

मे महिन्यात नागपुरात पश्चिमेच्या भिंतीला दुपारनंतर हात लावता येत नाही. म्हणून आमचे मिस्त्रीचाचा फजर आटोपली की परांचीवर चढायचे. उन्हात ॲडहेसिव्हवर काही मिनिटांत साय धरते; टाइल चिकटल्यासारखी दिसते, पण ठोकली की पोकळ वाजते. जानेवारीत उलट. गारठ्यात सिमेंट धरायला वेळ लागतो, ५ अंशांखाली तर कामच करू नये. तेव्हा चाचा दहापर्यंत निवांत चहा पीत.

सांध्यांवर मात्र अडून बसत. ४० अंशांच्या फरकाने १० मीटर टाइल सुमारे अडीच मिलिमीटर लांबते. ठरावीक अंतरावर रुंद फट ठेवून तीत सिमेंट नव्हे, सीलंटच हवं. घरमालकांना फटी कुरूप वाटत.

"खालून शाळेची पोरं जातात, साहेब," चाचा एवढंच म्हणत.