भोसरीतला एक नग
येझदी आणि आरएक्स १०० या दोन्ही गाड्यांचं उत्पादन १९९६ साली थांबलं. त्यानंतरही कितीतरी वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये त्यांच्या कार्बोरेटरचं काही अडत नसे. खोलताना नीडलची क्लिप चिमट्यातून उडाली, एअर स्क्रूची स्प्रिंग गटारात गेली, बाऊलच्या स्क्रूचे आटे गेले, तरी गाडीवाल्याच्या पोटात गोळा यायचा नाही. भोसरी एमआयडीसीत गल्लीगल्लीत लेथ होते आणि त्यांच्यावर हाताने काम करणारे टर्नर होते.

"काका, एकच नग पाहिजे," म्हटलं की काका उरलेला जोडीचा स्क्रू मागायचे. बोटांत फिरवून बघायचे, मग पिच गेज लावायचे. दिवसभर मोठ्या कारखान्यांची जॉबवर्कची कामं चाललेली असत, म्हणून आपला स्क्रू जेवणाच्या सुट्टीत व्हायचा. पितळेच्या रॉडचा तुकडा चकात धरला जाई, बारीक चकचकीत कीस निघे, आणि डबा संपेपर्यंत नग हातात. पैसे विचारले तर चहा सांगायला लावायचे.

बुलेटच्या जुन्या अ‍ॅमल कार्बोरेटरवर तर या माणसांचं ज्ञान पणाला लागायचं. त्याचे आटे ब्रिटिश मापाचे. मेट्रिक स्क्रू सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो, मग अडतो. तिथे पान्याला जोर दिला की जस्ताच्या मिश्रधातूची बॉडी गेलीच. जाणता टर्नर तिथेच हात थांबवायचा आणि त्या आट्यांचा वेगळा स्क्रू पाडायचा. मला त्या काळाचं सगळ्यात मोठं वैभव वाटतं ते हे हात थांबवणं.

पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटच्या बाबतीत मात्र तेव्हा हेळसांड फार व्हायची. चेतक स्कूटरच्या स्पाको कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ९८ म्हणजे ०.९८. तारेने साफ करता करता ते १.०३ झालं, तर भोकाचं क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं. मग गाडी काळा धूर ओकते आणि मालक पेट्रोल पंपाला शिव्या देतो. आज अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये जेट तार न घालता स्वच्छ होतो, डिजिटल व्हर्नियर कोणाच्याही खणात असतो. ही सुधारणा खरी आहे.

पण तो एक नग? एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं आणि नव्या मोटरसायकलींवरून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. ज्या आकुर्डीतून चेतक बाहेर पडायची, तिथून आता विजेवरची चेतक निघते. तिला कार्बोरेटरच नाही. चाकणला सीएनसी मशिनवर एकसारखे स्क्रू रात्रंदिवस पडत असतात, आणि तिथे एका स्क्रूसाठी गेलं तर पहिला प्रश्न येतो, ऑर्डर किती नगांची? त्यांचंही बरोबर आहे. प्रोग्रॅम लिहून, टूल लावून एक नग काढणं परवडत नाही.

जुने कार्बोरेटर भंगारात शोधायचे तर कुदळवाडी होती. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली गोदामं आणि शेड पाडली. पुण्यात नाना पेठ आहे, बुधवारी-रविवारी जुना बाजार आहे, पण नेमका हवा तो स्क्रू मिळणं नशिबावर. कुरिअरने दुरुस्तीचं किट येतं. त्यातली क्लिप कधी खाचेत सैल बसते, आणि रबरी ओ रिंग इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये फुगते. इथेनॉलला टिकणाऱ्या व्हिटॉन रबराची मागितली तर विकणाराच विचारात पडतो.

म्हणून मला वाटतं, शाबूत असलेल्या प्रत्येक स्क्रूचं चित्र मापांसह आत्ताच कागदावर उतरवावं: व्यास, लांबी, पिच, टोकाचा कोन. ते काका आता निगडी, इंद्रायणीनगरात निवृत्त होऊन घरी आहेत. त्यांच्याकडून ते चित्र तपासून घ्यावं आणि आयटीआयच्या टर्नर वर्गात मुलांना सरावाचं काम म्हणून द्यावं. प्रत्येकाला एकच नग, पितळेचा, आणि तो खऱ्या कार्बोरेटरमध्ये हाताने फिरवून बसला तरच पास.