उजेडाची वेळ

धाकटा पहिलीत गेला तेव्हा मी वाईला रविवारच्या फोटोग्राफीच्या क्लासात नाव घातलं. "आता हे काय नवीन खूळ?" घरात सगळ्यांनी विचारलं. पहाटे ५ ला धारा, मग भाकऱ्या, पोरांचं आवरणं, मग एसटी. क्लासात कळलं, पळतं पोर फोटोत थोपवायचं तर शटर १/५०० सेकंद हवं. अंधाऱ्या सैपाकघरात आयएसओ १६०० वर न्यावा लागतो. मग फोटोवर रवा सांडल्यागत दाणे दिसतात. सर म्हणाले, "मऊ उजेड दिवस उगवताना आणि मावळताना." नेमके तेव्हाच आम्हा बायकांचे हात म्हशीच्या कासेला! म्हणून कॅमेरा कापडी पिशवीत घालून गोठ्यातल्या खुंटीलाच टांगला. सासूबाई धार काढत होत्या, दारातून तिरपं ऊन हातांवर पडलेलं. तोवर त्यांचा एकटीचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा. बघून म्हणाल्या, "तोंडापरीस हातच बरं आल्यात गं." गेल्या साली त्यांच्या बोटांना कंप सुटला. धारा आता मी एकटीच काढते. तो फोटो त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावून घेतलाय.