नवा साहेब आला, त्याला भेटा!

गावात नवा तलाठी आला की आठ दिवसांत आपल्याला त्याचा स्वभाव कळतो. पण माजी सैनिकांच्या दवाखान्यावर नवा प्रमुख नेमला गेला, तर त्याची खबर आपल्या जंगलपट्टीत पोचतच नाही. ती पोचली पाहिजे, कारण त्या खुर्चीवर कोण बसतो यावर आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या अवलंबून असतात.

आमचे मामाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता वय ऐंशीच्या पुढे. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या रोज लागतात. दवाखान्याला जायचे म्हणजे पहाटेची एस. टी. धरायची, वाटेत गाडी बदलायची, आणि परतीची गाडी चुकली तर रात्री कोणाच्या तरी घरी मुक्काम. ऐन रोवणीत घरचा एक माणूस दोन दिवस बांधीतून उठला, तर काम किती मागे पडते हे तुम्हाला सांगायला नको. एवढे करून पुष्कळदा खिडकीवर ऐकू यायचे, "गोळ्या आल्या नाहीत, पुढच्या आठवड्यात या."

मग तिथे नवे प्रमुख आले. इमारत तीच, डॉक्टर तेच. त्यांनी फक्त एक वही केली. कोण कुठून येतो, परतीची गाडी किती वाजता, कोणती गोळी लागते, हे त्यात लिहून घेतले. लांबचा माणूस आधी आत जाऊ लागला. औषध आले नसेल तर फोन येऊ लागला. आमच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या.

ही व्यवस्था कशी चालते ते समजून घ्या. माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस, १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. दिल्लीच्या मुख्य कार्यालयात मेजर जनरल दर्जाचे अधिकारी तिचा कारभार पाहतात. दवाखान्याचा, म्हणजे पॉलिक्लिनिकचा, प्रमुख मात्र बहुधा निवृत्त अधिकारी असतो आणि तो करारावर नेमलेला असतो. करार वाढतो, तसा संपतोही. म्हणून ही खुर्ची वरचेवर बदलते, आणि येणाऱ्या माणसाला आपला मुलूख ठाऊक असेलच असे नाही. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, तरी सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण आजही दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. नकाशावर बोटभर दिसणारे हे अंतर पावसाळ्यात नाल्याला पूर आला की किती वाढते, हे आपणच त्याला सांगायचे.

न सांगितल्याने काय होते ते अमेरिकेने पाहिले आहे. तिथे माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालये देशभर आहेत. पण २०१४ साली फिनिक्स शहरात उघडकीस आले की रुग्ण महिनोन् महिने ताटकळत होते आणि कागदावर रांग लहान दाखवली जात होती. खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी स्वतः लष्करात जनरल होते. त्यांना त्याच वर्षी मे महिन्यात पद सोडावे लागले. पैसा होता, इमारती होत्या. रांगेतल्या माणसाची खरी खबर तेवढी वर जात नव्हती.

म्हणून नवा प्रमुख आल्याचे कळले की आसपासच्या चार गावांतल्या माजी सैनिकांनी मिळून जावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करून भेटीचा दिवस ठरवावा. एका कागदावर प्रत्येकाचे गाव, अंतर, गाडीची वेळ आणि औषधांची नावे लिहून द्यावीत. कुटुंब निवृत्तीवेतन घेणाऱ्या विधवा बहिणींचाही या योजनेवर हक्क आहे. त्यांना आवर्जून सोबत न्या. आणखी एक विचारून ठेवा. जिवावर बेतले तर जवळच्या दवाखान्यात दाखल होता येते, पण ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. तो निरोप कोणत्या फोनवर द्यायचा, हे लिहून घ्या आणि घरात भिंतीवर लावा.

नव्याचे नऊ दिवस असतात, हे खरे. म्हणून दहाव्या दिवशीही जा. फौजेत राहिलेल्या माणसाला तक्रारीपेक्षा हिशेब लवकर पटतो. त्याला आपल्या अंतराचा हिशेब द्या.