न लागलेल्या आगीचा मोबदला

"बंबवाल्यांचं बरं असतं. दिवसभर कॅरम खेळायचा नि महिन्याला पगार," नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरच्या टपरीत कुणीतरी म्हणालं. दुसऱ्यानं लगेच तोडगाही सुचवला, "जितक्या आगी विझवतील तितके पैसे द्या, मग बघा कसे पळतात!" विषय हसण्यावारी गेला. पण कामगिरीवर पगार ही कल्पना काही टपरीपुरती नाही. सातव्या केंद्रीय वेतन आयोगानं २०१५ च्या अहवालात केंद्राच्या सर्व श्रेणींतल्या कर्मचाऱ्यांसाठी तिची शिफारस केली होती. जसं काम तसा दाम, यात वावगं काय? आगीच्या बाबतीत मात्र काम झालं ते कशावरून म्हणायचं, इथंच घोडं अडतं.

आमच्या नसरापूरच्या पट्ट्यात, भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत, आग म्हणजे बहुतेकदा वणवा. वन खात्याच्या लेखी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. डोंगर जाळला की पावसाळ्यात गवत जोमानं येतं, हा समज अजून गेलेला नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं असं जाळणं गुन्हा आहे, पण काडी ओढणारा सहसा हाती लागत नाही. बंब तर डोंगर चढू शकत नाही. चढतात ते वनरक्षक, हंगामी मजूर आणि गावातली चार पोरं. हातात ओली डहाळी. ती आगीवर जोरात आपटायची नसते, नाहीतर ठिणग्या उडून पुढचं गवत पेटतं. ज्वाळेवर दाबायची आणि जळून गेलेल्या बाजूकडे ओढायची. आग विझली तरी लगेच उतरता येत नाही. आत धुमसणारा एखादा ओंडका वाऱ्यानं पुन्हा पेट घेतो.

हे सगळं दिसतं, म्हणून मोजता येतं. याहून मोठं काम हिवाळ्यातच उरकलेलं असतं. गवताचा पट्टा कापून, जपून जाळून जाळरेषा काढलेली असते. ती नीट असेल तर वणवा तिथवर येतो आणि खायला काही नाही म्हणून मरतो. ती काढणाऱ्याच्या खात्यावर विझवलेली आग मात्र एकही जमा होत नाही.

विझवण्याचे पैसे मोजले की काय होतं, याचा मासला सिसिलीतल्या रगूझाचा. तिथं तासाला १० युरो मिळवण्यासाठी १५ स्वयंसेवक जवानांनी खोट्या वर्द्या दिल्या, आगीही लावल्या, असा आरोप पोलिसांनी २०१७ मध्ये ठेवला. उलट 'आगी कमी तर पैसे जास्त' असं ठरवलं, तर आगी कमी होण्याआधी त्यांच्या नोंदी कमी होतील. आपल्याकडची संत तुकाराम वनग्राम योजना त्यातल्या त्यात शहाणी वाटते. तिचं बक्षीस एकट्यादुकट्याला नसतं. वन राखणाऱ्या गावच्या समितीला, वर्षभराच्या राखणीसाठी असतं.

आणि निकालच पाहायचा, तर १४ एप्रिल १९४४ चं काय करायचं? मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर कापूस आणि स्फोटकं एकत्र होती. आग विझवता विझवता स्फोट झाले. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, गोदी उद्ध्वस्त झाली. निकालाच्या रकान्यात त्या दिवशी शून्यच पडलं असतं. देश मात्र तोच दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो.

भातखाचरावर रात्री माळ्यावर बसणाऱ्या राखणदाराला आपण 'किती डुकरं हाकललीस' असं विचारून पैसे देत नाही. तो जागा होता, याचे देतो. बंबवाल्याचं तेच. त्याच्या कामाची परीक्षा घ्यायची तर जरूर घ्यावी, पण ती आगीआधी. पंप पहिल्या झटक्यात सुरू होतो का, सराव झाला का, जाळरेषा जानेवारीअखेर पुरी झाली का, हे तपासावं. त्यात कुचराई झाली तर जाब विचारावा.

पुण्याहून नसरापूर ३५ किलोमीटर. बंब तिकडून निघाला, तर तो पोचेपर्यंत गवताची गंजी कुणाची वाट पाहत नाही. म्हणून माझा पैसा मी जवळ, तयारीत बसलेल्या माणसावर लावीन. डोंगराच्या मजुराला वणव्यागणिक रोज देण्यापेक्षा अख्ख्या हंगामाचा पगार आणि पायात धड बूट द्यावेत. एखाद्या वर्षी डोंगर जळला नाही, तर 'एवढी माणसं हवीतच कशाला' असं विचारणारे भेटतात. त्यांना सांगावं, डोंगर जळला नाही तो यांच्यामुळेच.