माघांतील गंगास्नान आणि अंगची ऊब

नाशिक हें क्षेत्र म्हणून सर्वांस ठाऊक आहे. पण तें महाराष्ट्रांतील थंडीचेंहि माहेर आहे, ही गोष्ट कोंकण-मुंबईकडील यात्रेकरूस पहिल्या पहाटेसच कळते. सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून सुमारें १९०० फूट उंचीवर वसलेल्या या शहरांत पौष-माघांत उत्तरेचे कोरडे वारे सुटले, कीं पारा पुष्कळदां १० अंश सेल्सिअसखालीं उतरतो. जवळच्या निफाडास तर तो ५ अंशांच्याहि खालीं गेलेला आहे. सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या २००३ व २०१५ या दोन्ही सालीं श्रावण-भाद्रपदांत आल्या. त्या यात्रेकरूस पाऊस भेटतो, थंडी नव्हे. थंडीशीं खरी गांठ पडते ती नेमानें माघस्नान करणारांची.

गोदावरीस येथील लोक ‘गंगा’ म्हणतात, आणि स्नानास निघणें म्हणजे ‘गंगेवर जाणें’. १६९६ सालीं बांधलेल्या रामकुंडाचा जीर्णोद्धार पुढें माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनीं केला. माघांतल्या पहाटे या कुंडावर वाफेचे विरळ पुंजके तरंगत असतात. कुडकुडत आलेला यात्रेकरू भीत भीत पाण्यांत पाय घालतो आणि चकित होतो. पाणी त्यास चक्क कोमट वाटतें! यांत चमत्कार कांहीं नाहीं. हवा रात्रींत गारठते. पाणी मात्र सावकाश निवतें. निफाडकडील द्राक्षबागाईतदार पाण्याच्या याच गुणाचा उपयोग करितात. कडाक्याच्या पहाटे ते बागेंत शेकोट्या तर पेटवितातच, पण वेलींस विहिरीचें पाणीहि सोडतात. कारण जमिनीच्या पोटांतील तें पाणी हवेहून ऊन असतें.

परंतु द्राक्षवेलीस जें तारतें, तेंच मनुष्यास फसवितें. आपल्या शरीराची उष्णता सुमारें ३७ अंश. पाणी हवेहून ऊन असलें, तरी शरीराहून तें पुष्कळच गार असतें. शिवाय स्थिर हवेच्या मानानें पाण्यांतून उष्णता सुमारें पंचवीसपट सुलभतेनें वाहते. म्हणजे सुखद वाटणारें पाणीहि अंगची ऊब चोरीतच असतें.

ज्यांस थंड समुद्राच्या तळाशीं तास तास काम करावें लागतें, त्या पाणबुड्यांनीं या चोरीवर नाना उपाय योजिले आहेत. कोणी रबरी पोशाख घालून अंगाशीं पाण्याचा पातळ थर अडकवितात व तो अंगच्याच उष्णतेनें ऊन होऊं देतात. कोणी पाणी आंत न शिरणारा पोशाख घालून त्याखालीं उबदार कपडे व हवेचा थर ठेवितात. कांहींच्या बंडींत विजेच्या तारा गुंफून त्या बॅटरीवर तापविलेल्या असतात. खोल समुद्रांत तर जहाजावरून नळीनें ऊन पाणीच पोशाखांत सोडतात. तथापि जाणते पाणबुडे विजेच्या बंडीवर सर्वस्वीं विसंबत नाहींत. बॅटरी मध्येंच बंद पडली, तरी नुसत्या कपड्यांच्या उबेवर सुखरूप वर येतां यावें, असाच पोशाख ते करितात. आधीं असलेली ऊब राखावी, मग नवी मिळवावी, हा त्यांचा क्रम आहे.

आपल्या वडील मंडळींच्या सोवळ्यांतील धाबळी याच क्रमांत बसते. लोंकर किंचित् दमट झाली, तरी पुष्कळशी ऊब राखते. भिजलें सुती धोतर मात्र अंगास चिकटून वाऱ्यानें वाळतांना शरीराचीच उष्णता ओढून घेतें. आणि रामकुंडावरील खरा धोका येथेंच आहे. स्नान करून पुष्कळ जण ओलेत्यानेंच पायऱ्या चढून कपालेश्वराच्या दर्शनास जातात. पाण्याबाहेर पडल्यावरहि शरीराच्या आंतील उष्णता कांहीं वेळ उतरतच असते, आणि नेमका त्याच वेळीं वारा लागतो.

घरांतील आजोबा-आजींचा माघस्नानाचा नेम असल्यास त्यांस ‘जाऊं नका’ म्हणून दुखविण्यांत अर्थ नाहीं; पण त्यांस एकटें जाऊं देण्यांतहि शहाणपण नाहीं. एकाएकीं गार पाण्यांत बुडी मारली असतां श्वास आंत ओढला जातो, रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो. हृदयविकार्‍यास हें प्राणावरहि बेतूं शकतें. अशांनीं आधीं वैद्यकीय सल्ला घ्यावा, व तो नकार आल्यास घरींच ऊन पाण्यानें स्नान करावें. इतरांनीं ऊन पडल्यावर जावें. प्रथम हातापायांवर, मग तोंडावर पाणी घ्यावें, आणि सावकाश एकेक पायरी उतरावी. घरच्या एका तरुणानें कोरडें पंचें, धाबळी व कानटोपी घेऊन पायरीवर उभें राहावें. अंग पुसून कोरडें वस्त्र नेसावें, आणि मगच दर्शनास जावें. चहाचा पेला त्यानंतर.

नेम वर्षानुवर्षें चालावा अशी इच्छा असेल, तर तो पाळणाऱ्याची ऊब राखणें हें घरांतील तरुणांचें काम आहे.