सोलापूर रस्त्यावरच्या द्राक्षपट्ट्यास अनावृत पत्र

द्राक्षपट्ट्यास,



पत्ता नीट लिहिता येत नाही, कारण तुझी हद्द कुठल्याच फलकावर लावलेली नाही. मी ती माझ्या सोयीने ठरवली आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रापासून तू सुरू होतोस, पाटसवरून बारामतीकडे वळलं की रोटी घाटात भेटतोस आणि अकलूजजवळच्या मोटेवाडीपर्यंत जातोस. आम्ही लोणी काळभोरचे, म्हणजे तुझ्या उंबऱ्यावरचेच. तरीही घरात कुणी ‘सुट्टीत वायनरी बघू’ म्हटलं की गाडी नाशिकला निघते. नाशिकचं कौतुक आहेच. १९९९ साली तिथे सुला सुरू झाली, ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि पोरंटोरं घेऊन वायनरीत जाण्याची सवय मराठी माणसाला नाशिकनेच लावली. पण शेजारचं पोर हुशार असलं की घरच्या पोराकडे बघायचंच नाही, असं थोडंच आहे?

तुला इतिहास नाही, असं म्हणणारे भेटतात. बारामतीत ‘बॉस्का’ वाईन व्हायची, तेव्हा आजच्या निम्म्या वायनऱ्या जन्मालाही आल्या नव्हत्या. त्याच्याही मागे जायचं तर डेक्कन कॉलेजच्या मंडळींना नेवाशाच्या उत्खननात रोमन बनावटीच्या मद्यकुंभांची खापरं सापडली होती. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनचे लोक ही चीज बाहेरून मागवत होते. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, तेव्हा वाईन पार्क विंचूर आणि पलूसला मिळाली. तुझ्या वाट्याला काही आलं नाही, आणि त्यावरून तू कधी कुरकुरही केली नाहीस.

पण तुझा खरा इतिहास निराळाच आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. तुकोबांची पालखी पुण्यातून निघाली की पहिला मुक्काम आमच्या लोणीत. मग यवत, मग वरवंड, आणि पुढे रोटी घाट चढून उंडवडी गवळ्याची. त्याच रोटीच्या माळावर फोर सीझन्सची वायनरी उभी आहे. पालखी आणखी पुढे जाते, अकलूजला गोल रिंगण होतं, आणि त्याच अकलूजच्या शिवारात फ्रातेल्लीची वायनरी आहे. वारीची वाट आणि वाईनची वाट एकच! जगात अनेक द्राक्षप्रदेशांतून यात्रेच्या वाटा जातात. स्पेनमधल्या रिओहातून सांतियागोचे यात्रेकरू चालतात, आणि तिथले लोक ते मिरवतात. आपण मात्र त्यावर बोलायला लाजतो.

लाज का वाटते, ते मला ठाऊक आहे. माझी आई माळकरी आहे. ‘वायनरी’ शब्द काढला की तिच्या कपाळावर आठ्या पडतात. २०२२ साली मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तेव्हा झालेला गदारोळ तिच्या अजून लक्षात आहे. त्यातून तुझ्याच वाटेवर उरुळी कांचन. गांधीजी १९४६च्या मार्चमध्ये तिथे येऊन राहिले आणि निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. दारूबंदीच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्याच्या आश्रमावरून वायनरीला जायचं, तर आईच्या आठ्यांना अर्थ आहे, असं मला वाटतं. म्हणून सहल अशी आखावी लागते की न पिणाऱ्याचा दिवसही भरगच्च जाईल. आणि इथेच तू नाशिकला भारी पडतोस.

फेब्रुवारीतला शनिवार धरू. थेऊर आम्हाला रोजचंच, त्यामुळे पाहुणे बरोबर असतील तरच आत वळायचं. चिंतामणीचं दर्शन आणि थोरले माधवराव पेशवे १७७२ साली जिथे वारले ती जागा. नाहीतर उजाडता उजाडता थेट यवत गाठायचं आणि तिथून भुलेश्वरचा डोंगर चढायचा. यादवकाळातलं देऊळ, आत काळोख, आणि भिंतीवर कोरलेला स्त्रीरूपातला गणपती. मुलांना ‘शोधा’ एवढंच सांगावं, अर्धा तास कुणी मोबाइल मागत नाही. आईसाठी हा दिवसाचा मुख्य कार्यक्रम. पुढचं सगळं तिच्या लेखी फावल्या वेळेतलं. खाली उतरल्यावर पिठलं-भाकरी खायची. पालखीतल्या वारकऱ्यांना यवतकर पिठलं-भाकरीच वाढतात, तेव्हा इथे आणखी काही मागवणं बरं नव्हे. चौफुला आला की मोठ्यांपैकी कुणीतरी घसा खाकरतं आणि लावणीच्या कलाकेंद्रांचे फलक मागे पडेपर्यंत गाडीत भलताच विषय चालतो.

मग रोटी. निघण्याआधी फोन केलेला बरा, कारण सगळ्याच ठिकाणी सगळे दिवस फेरी नसते. ऊन चढायच्या आत बागेत शिरावं. मला वायनरीतल्या तळघरापेक्षा बागच जास्त आवडते, हा माझा पक्षपात समज. युरोपातली वेल थंडीत झोपते. आपली झोपतच नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा कात्री लावतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. पालखी जाते तेव्हा वेली हिरव्यागार, पण घड एकही नाही. घड बघायचे तर जानेवारी अखेर ते मार्च. ओलांड्यावरून, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरून, लोंबणारा शिराझचा घड हातात घेतला तर बाजारातल्या द्राक्षांची सवय असलेला माणूस बुचकळ्यात पडतो. मणी करवंदाएवढा, साल जाड, आत बिया. पण एक तोंडात टाकावा: वाईनची द्राक्षं खुडतात तेव्हा साखर बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत चढलेली असते, खायच्या द्राक्षांहून बरीच जास्त. मग मुलांना एक मणी तळहातावर चिरडायला सांगावं. काळ्या द्राक्षाचा रस जवळजवळ बिनरंगी निघतो. लाल वाईनचा लाल रंग सालीत असतो, म्हणून ती सालीसकट आंबवतात. ही गोष्ट कुठल्याही मार्गदर्शकाच्या भाषणापेक्षा लवकर डोक्यात शिरते.

चव घेण्याचं म्हणशील, तर नियम साधे ठेवावेत. महाराष्ट्रात वाईनसाठी वय एकवीस पूर्ण लागतं. गाडी चालवणाऱ्याने थेंबही घ्यायचा नाही. परतताना सोलापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, आणि आमच्या लोणीपाशी तेल डेपोंच्या टँकरांच्या रांगा असतात. आमच्या घरी ही जबाबदारी बायकोची आणि माझी आळीपाळीने.

मुक्काम केला तर दुसरी सकाळ सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात काढावी. माळरान, बोरी-बाभळी आणि चिंकारा. जागा इवलीशी आहे, पण आकारावर जाऊ नये. उजाडताना गेलं तर हरणं दिसतातच म्हण. पक्ष्यांची आवड असेल तर उजनी धरणाचं पाणी गाठावं. भिगवणजवळ कुंभारगावला नाव करून फ्लेमिंगो बघायचे आणि दुपारी तिथलीच मासळी खायची. फ्लेमिंगोंचा आणि द्राक्षांचा हंगाम नेमका एकत्र येतो. तेव्हा कुठल्याही परदेशी पर्यटन मंडळाला जमणार नाही असा हा दोन दिवसांचा बेत तुझ्याकडे आयता तयार आहे.

आता तक्रार. एका वायनरीत (नाव घेत नाही, आणि ती याच रस्त्यावर आहे असंही म्हणत नाही) आम्हाला सगळी माहिती इंग्रजीत सांगितली गेली. सांगणारा मुलगा बोलण्यावरून शेजारच्या तालुक्यातला वाटत होता. आईने विचारलं, “छाटणीला मजूर कुठून येतात?” त्याने मॅनेजरकडे बघितलं, आणि मॅनेजरने बाटल्यांकडे. इटलीतल्या टेकड्यांचे फोटो भिंतभर लावलेले, पण बागेत दिवसभर वाकून विरळणी करणाऱ्या बायकांचा एकही फोटो नव्हता. मुलांसाठी बाटलीबंद थंड पेय आणि आईसाठी पाणी. द्राक्षाच्या गावात येऊन माझ्या मुलीने संत्र्याच्या चवीचं काहीतरी प्यायलं, हे मला अजून पटत नाही.

यावर उपाय तुझ्या पहिल्याच मैलावर आहे. मांजरीच्या केंद्राने खास रसासाठी ‘मांजरी मेडिका’ हा वाण काढला आहे. त्याचा गरसुद्धा रंगीत असतो, त्यामुळे रस गडद जांभळा निघतो. तुझ्या वायनऱ्यांनी तो लावावा, नाहीतर विकत घ्यावा, आणि पिणाऱ्यांसमोर ज्या काचेच्या पेल्यात वाईन येते त्याच पेल्यात मुलांना आणि माळकऱ्यांना तो रस द्यावा. फेरी मराठीतही ठेवावी. छाटणीच्या दिवसांत गावकऱ्यांना बोलवावं आणि ज्यांच्या हाताला कात्री बसली आहे त्यांनाच दोन शब्द बोलू द्यावेत. यात खर्च फारसा नाही.

लोणी, उरुळी, यवतच्या वाचकांनाही एक विनंती. येत्या हंगामात नाशिकचं आरक्षण करण्याआधी एकदा पाटसवरून बारामती रस्त्याला वळून बघा. लोणीपासून साधारण पन्नास किलोमीटर. आई-वडिलांना घरी ठेवू नका.

कळावे, लोभ असावा.

लोणी काळभोरचा तुझा शेजारी